जास्तीचे अठ्ठावन्न किलो

टाउनशिपच्या तीन मजली क्वार्टरवर पाण्याच्या नव्या टाक्या बसवायच्या होत्या. इमारतीला तो भार पेलेल का, एवढंच अच्युतला सांगायचं होतं. कॉम्प्युटरमध्ये तुळया, खांब आणि भार भरायचे, अन् वरून दिलेला भार पायापर्यंत तेवढाच पोचतो का ते पाहायचं. तासाभराचं काम! पण तीन दिवस झाले तरी बेरीज जुळेना. दर वेळी अठ्ठावन्न किलो जास्तच.

त्याने सगळे आकडे पुसून नव्याने भरले. प्रोग्रॅमला मनसोक्त शिव्या घातल्या. अठ्ठावन्न ढिम्म हलेनात.

“अरे यार, चारशे टनांची बिल्डिंग, आणि अठ्ठावन्न किलोंसाठी एवढी मगजमारी?” सरवटे साहेब वैतागले. “पाचला रिपोर्ट पाहिजे. लोक उन्हाळाभर बादल्या वाहतायत.”

“चुकलेल्या बेरजेवर सही कशी करू, साहेब?”

साहेब पाय आपटत गेले. दुपारचे तीन वाजले होते. कूलरमधल्या वाळ्याचा ओलसर वास खोलीत कोंदला होता. अच्युतने चरफडत पुन्हा गणित चालवलं आणि या खेपेला एकेक तुळई तपासली. जास्तीचा भार सगळ्यात वरच्या मजल्यावर, जिन्याजवळ होता. काहीही न बदलता पुन्हा चालवलं, तर तो पुढच्या तुळईवर सरकलेला. तिसऱ्यांदा आणखी पुढे, श्रीवास्तवांच्या बंद क्वार्टरमध्ये. त्याच्या बरोबर खाली अच्युतचं स्वतःचं घर होतं.

राग कुठल्या कुठे गेला. त्याने घरी फोन लावला.

“वसुधा... वरचे श्रीवास्तव आलेत का गं?”

“छे, ते कानपूरलाच आहेत. पण अहो, मघापासून वर कोणीतरी फिरतंय. आधी जिन्याकडे होतं... आता आपल्या स्वयंपाकघरावर.”

“तू बाहेर पड. आत्ताच्या आत्ता.”

“अहो, गॅसवर दूध ठेवलंय. झालंय काय?”

त्याने गणित पुन्हा चालवायची कळ दाबली. पडद्यावर आकडे सावकाश उमटू लागले.

“थांबला हो आवाज,” वसुधा हसली. “गेलं वाटतं.”

श्रीवास्तवांच्या तुळईवर आता जास्तीचं काहीच नव्हतं. अठ्ठावन्न किलो एक मजला खाली उतरले होते.

“वसुधा, ऐक... स्वयंपाकघरात जाऊ नकोस!”

“मी इथेच आहे, फोनपाशी. अहो... गॅस कोणी बंद केला?”