न हलणारा दगड

निवृत्त झाल्यावरही मी रविवारचं धर्मशिक्षण सोडलं नव्हतं. मिस्सा संपली की चर्चच्या हॉलमध्ये पोरं यायची, तीही माझ्यावर उपकार केल्यासारखी. वसईत चित्रकला शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे पोरांच्या टिवल्याबावल्या मला नव्या नव्हत्या. पण ही पोरं टिवल्याबावल्याही करत नसत. मांडीवर मोबाइल धरून गेम खेळत बसत.

"एडवर्ड सर, त्यांच्याच भाषेत सांगून बघा ना," फादर म्हणाले.

म्हणून मी कॉमिक काढलं. चार दिवस थडग्यात असलेल्या मित्राला प्रभूने हाक मारून उठवलं, ती गोष्ट. सोळा पानं. पोरांनी ती चाळली आणि पेनने प्रेषितांच्या डोळ्यांवर गॉगल काढले.

मग गावातल्या ॲनीने माझ्याच चित्रांवरून टॅबलेटवर गेम करून दिला. तिचा धंदाच तो. केळीच्या वाडीतून चालत, तोंडावर दगड लावलेल्या थडग्यापाशी जायचं, आपल्या घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव टाकायचं. मग प्रश्न येतो, ‘तुझा विश्वास आहे?’ खाली दोन बटणं, हो आणि नाही.

"हो दाबलं की दगड हलवू ना, सर?" ॲनीने विचारलं.

"दगड हलायचा नाही. एक मेणबत्ती लागेल आणि खेळणारा परत फिरेल."

"मग जिंकणार कसं? आणि नाही दाबलं तर?"

"तर गेम बंद. श्रद्धा म्हणजे लॉटरी नव्हे, ॲनी. दगड हलणार असेल तर विश्वास कोण ठेवणार नाही?"

बोलायला काय जातंय! माझी बायको फ्लॉसी गेली त्याला चौदा महिने झाले होते आणि तेव्हापासून मला एकदाही प्रार्थना करता आली नव्हती. हात जुळायचे, ओठ हलायचे, आत काहीच नसायचं. नोव्हेंबर हा मृतांचा महिना. सगळं गाव कबरींवर मेणबत्त्या लावून आलं. मी गुडघेदुखीचं निमित्त सांगून घरीच बसलो. ज्याच्याकडे विश्वास उरलेला नाही, त्याने तो पोरांना शिकवायचा याचा मला वीट आला होता. महिना संपला की फादरना सांगून मोकळं व्हायचं ठरवलं होतं.

पहिल्या रविवारी सतरा पोरं गेम खेळली. लहानग्या बेलाने आजोबांचं नाव टाकलं, हो दाबलं. दगड हलला नाही, मेणबत्ती लागली. "बोअर आहे सर," ज्युड म्हणाला. "ना कॉइन, ना लेव्हल." पण दोनदा खेळला तो एकटाच.

दुसऱ्या रविवारी गेम उघडला, तर थडग्यापुढे आधीच मेणबत्त्या जळत होत्या. मोजल्या. अठरा.

"यात काही सेव्हच होत नाही, सर," मदतीला आलेली ॲनी म्हणाली. तिने चित्र मोठं करून पाहिलं. "तुम्ही ह्या लहानमोठ्या काढल्या होत्या का?"

मी एकच मेणबत्ती काढली होती. तिच्याच नकला असत्या, तर सगळ्या एकाच उंचीच्या दिसायला हव्या होत्या. या अर्ध्याअधिक जळाल्या होत्या आणि मेण दगडावर ओघळलं होतं. ॲनीने सगळं पुसून गेम नव्याने भरला. फादरनी टॅबलेट कपाटात घालून कुलूप लावलं.

तिसऱ्या रविवारी बुडखे तेवढे उरले होते. त्यांच्यामध्ये एक नवी मेणबत्ती होती, नुकतीच लावलेली.

त्या दिवशी ज्युडने हात वर केला.

"सर, चार दिवस आत असलेल्या माणसाला बाहेरचं ऐकू येतं?"

"मेलेल्याला कसं ऐकू येईल?"

"मग हाक मारून उपयोग काय?"

"गप्प बस," मी म्हणालो.

वर्ग सुटला. पोरं नाश्त्याला पळाली. ॲनी खुर्च्या एकावर एक रचू लागली. मी टॅबलेट घेऊन बसलो आणि नाव टाकलं, फ्लॉसी. प्रश्न आला. मी ‘नाही’ दाबलं. चौदा महिन्यांत तेवढं एक खरं बोललो असेन.

गेम बंद व्हायला हवा होता. पडदा काळा झाला, पण विझला नाही.

एका कडेला उजेडाची बारीक फट होती. तिच्याभोवती दगडाचा खडबडीत काठ दिसत होता. माझ्या सोळा पानांत थडग्याचं एकही चित्र आतून काढलेलं नव्हतं.

डोक्यावर पंखा फिरत होता. वारा लागेना. ओल्या मातीचा वास आला.

फटीबाहेर पावलं वाजली. डावा पाय किंचित ओढत कुणीतरी येत होतं. शेवटच्या आजारात फ्लॉसी तशी चालायची.

पावलं थांबली. काळोखात एकेक अक्षर उमटलं. एडवर्ड.

खाली प्रश्न आला. तुझा विश्वास आहे?

मी बोट टेकवलं. बटणं दबेनात. ती माझ्यासाठी नव्हती.

मग बाहेरून ‘हो’ दाबलं गेलं. लगेच, क्षणाचाही विचार न करता. मला रडू फुटलं. इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं. मी दगडाकडे बघत वाट पाहू लागलो.

आणि मग आठवलं. ‘हो’ म्हटल्यावर काय होतं, ते मीच ठरवलं होतं.

फटीत मेणबत्तीचा उजेड थरथरला. ओढत्या पायाची पावलं परत फिरली.

मी ॲनीला हाक मारली. ती दोन हातांवर होती. पुन्हा मारली, ओरडून.

तिने पंखा बंद केला. खुर्चीवर पडलेला टॅबलेट उचलून बाहीने पुसला आणि काखेत धरला. मग मी बसलो होतो ती रिकामी खुर्चीही उचलून बाकीच्यांवर रचली.