पाठीमागचे चिमटे

दुकानात कपडे परत करायची खोली समजून तिने शेजारचंच दार ढकललं. समोर मॉडेल पाठमोरी उभी होती आणि तिच्या पाठीवर निळ्या ड्रेसच्या घड्या आवळून बसलेले... कपडे वाळत घालायचे चिमटे!

ऑनलाइन मागवलेला तोच ड्रेस हिच्या पिशवीत होता. फोटोत चापूनचोपून बसलेला, हिच्या अंगावर मात्र नुसता लोंबणारा, जाड दाखवणारा.

"हे काय चाललंय?"

"फिटिंग," म्हणत फोटोग्राफरने कॅमेऱ्यामागून मान वर केली आणि तिच्याकडे बघतच राहिला.

"आमच्याकडे याला थाप म्हणतात."

"आमच्याकडे पगार म्हणतात," तो ओशाळून हसला. गालाला खळी पडली. तिने मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

घरी येऊन ती कॉम्प्युटरवर बसली ती उठलीच नाही. ऑनलाइन कपडे घेणाऱ्या बायकांच्या ग्रुपसाठी तिने एक छोटंसं वेबपेज बनवलं. ड्रेसची लिंक टाकायची, की तोच ड्रेस घेतलेल्यांचे खरे फोटो समोर, पुढून आणि पाठीमागून, मापांसकट. ग्रुपने ते डोक्यावर घेतलं.

पेजवर फोटोग्राफरचे मेसेज येऊ लागले.

'काळ्या जाकिटाला आज चिमटेच कमी पडले. कुणाला सांगू नका.'

'सगळ्यांना सांगणार.'

'म्हणून तर तुम्हाला सांगतोय...'

एक दिवस ग्रुप चालवणाऱ्या ताईंचा फोन आला. "दुकान चिडलंय गं. आपल्या ग्रुपची सवलत बंद करतील. पाठीचे फोटो काढून टाक, नाहीतर ग्रुप सोड."

"कशाला वाकड्यात शिरतेस?" आईही म्हणाली.

"आई, ड्रेस खोटा होता आणि जेवण मी सोडलं होतं! आरशासमोर रडले होते. फोटो राहणार."

तिने ग्रुप सोडला. पण सवलत जाईल म्हणून कुणीच नवा फोटो टाकेना. पेज ओस पडलं. आता बंदच करावं, असं मनात आलं... आणि एक फोटो आला. चक्क पुरुषाचा! पाठीवर पोत्यासारखा शर्ट, मान वळवून हसणारा तोच. खाली त्याचं पूर्ण नाव, आणि – 'या शर्टाचा दुकानातला फोटो मीच काढलाय, चिमटे लावून. पोटाचं माप: वाढलंय.'

त्याखाली एकेक करत बायकांचे फोटो येऊ लागले.

ती धावतच दुकानापाशी पोचली. तो कॅमेऱ्याची बॅग घेऊन पायऱ्या उतरत होता.

"नोकरी?"

"गेली."

"वेड लागलंय का? भीती नाही वाटली?"

"वाटतेय ना. दुकानाची नाही..." तो अडखळला. "तुमच्या आईंना भेटायला येऊ?"

"आईला नंतर. आधी मला विचारा. इथेच."

"इथे? सगळे काचेतून बघतायत –"

"बघू देत की!"

त्याने विचारलं, अगदी हळू. आणि ती आत काउंटरपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "हो!"