मोघम नवस

महिन्यातून एकदा मी दुअनला स्कूटरवर मागे बसवायची आणि रुग्णालयात न्यायची. रक्त चढवायला. घरात आम्हाला त्याचं काही वाटत नसे. कुणी पोराला केस कापायला नेतं, तसंच ते.

दुअन माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण तैवानच्या कारखान्यात, म्हणून पोर माझ्या आणि माझ्या आईच्या पदरात. नान नदीच्या काठी, खांबांवर उभं असलेलं आमचं लाकडी घर. त्यात आम्ही तिघी. आणि आईच्या उशापाशी, उंच फळीवर, चौथी. आमच्या मुलखात प्रत्येक थोरल्या लेकीच्या खोलीत अशी एक फळी असते. आईची आई, तिची आई, अशा गेलेल्या बायका तिथे राहतात. पाण्याचा पेला, दोन फुलं, सणाला उकडलेली कोंबडी, एवढ्यावर त्यांचं भागतं. निदान भागत होतं.

दुअनला थॅलसेमिया. मी त्याच रुग्णालयात रक्तगट तपासायच्या खोलीत कामाला, त्यामुळे मला हा आजार घरी आणि दारी दोन्हीकडे भेटला. लाल पेशी म्हणजे श्वासाचे हमाल. छातीतली हवा उचलून त्या पायाच्या बोटापर्यंत पोचवतात. दुअनचे हमाल अर्ध्या वाटेत कोसळायचे. मग पोर जिन्यावर मध्येच बसायची, ओठ पांढरे, डोळ्यांत पिवळट झाक. पिशवी रिकामी झाली, की संध्याकाळी तीच बया भाजलेलं डुकराचं मटण आणि चिकट भात मागायची, वर मला म्हणायची, "मावशी, आज कुणाचं रक्त घातलंस? मला सारखं भांडावंसं वाटतंय. मासळीवालीचं असणार." या पोरीवर माझा किती जीव होता ते सांगून कळायचं नाही.

त्या वर्षी मात्र रक्त टिकेना. चढवल्यावर दुअन गुलाबी व्हायची आणि आठवडा सरायच्या आत पुन्हा पांढरीफटक. डॉक्टरांनी प्लीहा तपासली, परक्या रक्ताशी तिचं अंग झगडतंय का ते पाहिलं. काही सापडलं नाही. "वान्दीताई," ते मला म्हणाले, "रक्त घालतोय आपण, पण ते जातंय कुठे?" असंच चाललं तर तिचं हृदय किती दिवस तग धरणार, हे त्यांनी बोलायचं टाळलं. मला ते ठाऊकच होतं.

एका तिन्हीसांजेला मी आईच्या खोलीतून मच्छरदाणी आणायला गेले. दिवा लावला नव्हता. दारातच वास आला. ओल्या लोखंडाचा, किंचित गोडसर. मी रोज त्या वासात काम करते, माझी चूक होणं शक्य नाही. वास फळीवरून येत होता. पेला खाली काढला, तर पाणी लालसर. आधी मी आईवरच चिडले, की विडा खाऊन पेल्याला तोंड लावलं असणार. पण विड्याचा रंग असा तळाशी बसत नाही. मी थोडं पाणी बाटलीत भरून घेतलं.

दुसऱ्या दिवशी काचेवर थेंब टाकला. गेल्या खेपेला दुअनच्या गटाची पिशवी मिळाली नव्हती, म्हणून तिला सगळ्यांना चालणाऱ्या गटाचं रक्त दिलं होतं. अशा माणसाचं रक्त तपासलं, की काही पेशींच्या गुठळ्या होतात आणि उरलेल्या सुट्या तरंगत राहतात. एकाच थेंबात दोन माणसं दिसतात. माझ्या काचेवर तशीच दोन माणसं होती. तसं रक्त त्या आठवड्यात आमच्या रुग्णालयात एकाच व्यक्तीच्या अंगात होतं. काच माझ्या हातातून सुटली आणि फुटली.

घरी आल्यावर आईला धरून बसवलं. दुअन खाली मांजराशी खेळत होती.

"आई, फळीवर तू काय बोलली आहेस?"

"गेल्या वर्षी पोरीला ताप भरला होता... तू रात्रपाळीला. डोळे फिरवले गं तिनं. मी म्हणाले, एवढी पोर ठेव... तुला हवं ते घे."

"हवं ते?"

"तोंडातून गेलं..."

आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा नवस असा बोलत नाही. काय देणार, किती देणार, कधी देणार, हे तिन्ही सांगायचं. एक कोंबडी, एक बाटली तांदळाची दारू, कापणीनंतरच्या पौर्णिमेला. मोघम बोललं, की घेणाऱ्याच्या हाती कारभार जातो. आयुष्यभर दुसऱ्यांचे नवस दुरुस्त करत फिरणारी माझी आई घाबरली आणि नेमकी तीच चूक करून बसली.

"कोण आहे ती?" मी विचारलं.

"खमपेंग... माझी आजी. दुसऱ्या बाळंतपणात, याच खोलीत. रक्त थांबलंच नाही. तेव्हा कुठलं रुग्णालय आणि कुठली पिशवी. जमिनीच्या फळ्यांमधून घराखाली गळत होतं म्हणे." आईनं माझा हात घट्ट धरला. "ती वाईट नाही गं, वान्दी. तहानलेली आहे."

खरं सांगू? भीतीच्या आधी मला तिची कणवच आली. रक्त गेलेल्या बायकांची ती कोरडी, सैरभैर तहान मी कितीदा पाहिली आहे. पाणी पाणी करतात, आणि पाण्यानं ती भागत नाही.

नवस फिरवायचा, तर बदल्यात दुसरं काही देऊन, नीट नाव घेऊन. कोंबडी ठेवली, दारू ठेवली. लाबमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या खिम्यात, घालतात तसलं डुकराचं ताजं रक्त वाडगाभर ठेवलं. सकाळी ते तसंच गोठलेलं, मुंगीसुद्धा फिरकली नव्हती. आणि दुअन त्या सकाळी अंथरुणातून उठली नाही.

आईनं बाही वर केली. मी म्हटलं, तुझ्या शिरा वाळलेल्या काकडीच्या वेलासारख्या, त्यातून काय निघणार, गप बस. सुई माझ्याच दंडाला लावली आणि दारू ओतायची वाटी रक्तानं भरली. आईनं हात जोडून स्वच्छ शब्दांत सांगितलं, की इथून पुढे अष्टमीला, पौर्णिमेला आणि अमावस्येला, वान्दीची ही एक वाटी, वान्दी जिवंत असेपर्यंत, आणि पोरीला हात लावायचा नाही. सकाळी वाटी कोरडी होती. चाटूनपुसून ठेवल्यासारखी लख्ख.

पुढच्या महिन्यात डॉक्टर खूश. दुअनचं रक्त टिकलं होतं. ती शाळेत पळायला लागली, एका पोराचा दात पाडून आली. मी हेडमास्तरांची बोलणी हसत हसत खाल्ली.

भाताची कापणी आली तोवर माझा चेहरा उतरला होता. मी ओठांना लाली लावायची, कामाचा ताण आहे म्हणायची. पण घरात पांढऱ्या ओठांची जाणकार होतीच ना. एका संध्याकाळी मी जिन्यावर मध्येच बसले, आणि वरून दुअन माझ्याकडे पाहत उभी. खाली येऊन माझी चप्पल काढली आणि तळवे चोळत बसली.

त्यानंतरच्या पौर्णिमेला आई देवळात गेली होती. मी वाटी भरून फळीवर ठेवली आणि बाहेर येऊन आडवी झाले. टळटळीत दुपार, अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांचा झणझणीत वास. डोळा लागत होता तेवढ्यात आईच्या खोलीतून दुअनचा आवाज आला. बाजारात आजी करते तशी ती घासाघीस करत होती.

"नाही... एवढं नाही."

मग थोडा वेळ काहीच नाही. समोरचा बोलत असतो तेव्हा आपण थांबतो, तेवढाच वेळ.

"मावशीचं आजपासून बंद... हो. कबूल."

मी उठून दार ढकललं. दुअन एकटीच फळीखाली मांडी घालून बसली होती. खोलीत गारवा होता आणि तो वास. वाटी काठोकाठ भरलेली. दुसऱ्या सकाळीही ती तशीच होती, वर साय धरलेली.

"काय बोललीस तिच्याशी?" मी तिला जवळ घेऊन विचारलं.

"आजीसारखं मोघम नाही बोलले," ती ऐटीत म्हणाली. "काय, किती, कधी, सगळं सांगितलं. माझं मलाच पुरत नाही. म्हणून मी मोठी झाल्यावर मला मुलगी होईल, तेव्हा तिच्यातलं थोडंसं. आम्ही वाटून घेऊ. मग तुला जिन्यावर बसावं लागणार नाही."

काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "आणि मुलगी झालीच नाही तर?"

"मी पण तेच म्हटलं. ती हसली. म्हणाली, होईल. नावसुद्धा सांगितलं."

मी हात जोडले, रडले, नवस उलटवायला धडपडले. सगळ्या वाट्या भरलेल्याच राहिल्या. माझ्या अंगात रक्त परत भरलं, दुअन वाढली. आई गेली आणि फळी माझ्या उशाशी आली. दुअननं शाळेतल्या एका मास्तरशी लग्न केलं. लग्नाआधी मी त्याचं रक्त स्वतः तपासलं, त्याच्यात दोष नाही. बाळाला आईचा आजार होणार नाही, असं डॉक्टर सांगतात.

आता तिला सातवा महिना आहे. मुलगी आहे, तपासणीत दिसलं. बाळंतपणाला ती इथेच आली आहे. पलीकडच्या खोलीत झोपली आहे, ऐका, घोरते सुद्धा. लहानपणचा तो वायदा तिला आठवत नाही. मी दोनदा आडून आडून विचारलं, तर हसली. पण शेजारणी नावाचं विचारतात, तेव्हा ती पोटावरून हात फिरवत म्हणते, ते तर केव्हाच ठरलंय, लहानपणापासून डोक्यात आहे, कुठून आलं देव जाणे.

मी तिला अजून ते नाव विचारलेलं नाही.