चादरीखालचा माग

लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात जलीलमामांच्या गादीच्या दुकानात मनस्विनी शिरली ती गाद्यांची ऑर्डर द्यायला, आणि अडकली पावसात. आषाढाचा पाऊस असा काही कोसळत होता की समोरचं भांड्यांचं दुकानही दिसेना. गल्ल्यावर मामा नव्हते. पण मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कुणीतरी तावातावानं भांडत होतं.

"तुटलास? परत तुटलास? अरे, काय दुश्मनी हाय तुझी माझ्याशी?"

समोरच्याचा आवाज मात्र येईना. तिनं डोकावून पाहिलं. इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण जुन्या खाटेच्या चौकटीपुढं मांडी घालून बसला होता. चौकटीवर खिळे, खिळ्यांवर ताणलेले दोरे, आणि भांडण चाललं होतं त्यातल्याच एका दोऱ्याशी! तिला हसू आवरेना.

"हसा, हसा," तो मान वर न करता म्हणाला. "एक वीत विणायला दोन दिवस झाले, तिसऱ्या दिवशी लोक हसायला आले."

"तुम्ही फिजिक्सचे फरहान सर ना? पोरांना दोरीतला ताण शिकवता, आणि तुमचाच दोरा तुटतो?"

आता त्यानं वर बघितलं. बघतच राहिला, खरं तर.

"पुस्तकातली दोरी कधी तुटत नसते, मॅडम. तुम्ही केमिस्ट्रीच्या शरदचंद्र सरांच्या कन्या. म्हणजे आमच्या क्लासची दुश्मन पार्टी… या, बसा. चहा सांगतो."

पाऊस थांबला तरी ती अर्धा तास बसली. गाद्यांची ऑर्डर द्यायची राहूनच गेली.

तेव्हाचं लातूर असंच होतं. भूकंपाला तीन-चार वर्षं झाली होती, तरी दार जोरात आपटलं की माणसं उठून अंगणात यायची. आणि दुसरीकडं गल्लोगल्ली क्लासचे बोर्ड लागत होते. देवणीपासून हदगावपर्यंतची पोरं मेरिट घ्यायला इथं येऊन खोल्या करत. खोली म्हटली की गादी आलीच, म्हणून जलीलमामांचं बरं चाललं होतं. मनस्विनीचं मात्र मेडिकल थोडक्यात हुकलं होतं. सरांची मुलगी, आणि नंबर लागला नाही! गावानं ते तिला विसरू दिलं नाही. आता ती दिवसभर बाबांच्या क्लासच्या उत्तरपत्रिका तपासायची. लाल पेन आणि ती. चूक दिसली की हात शिवशिवायचा.

तर अशी ही मुलगी विणकामाच्या नादी लागली. संध्याकाळी "लायब्ररीत जाते" म्हणून निघायची आणि मामांच्या शेडमध्ये यायची. मामांचे आजोबा विणकर होते. मामांना सगळं येत होतं, पण शिकवायला सवड नव्हती. मग हे दोघं एकमेकांना चुकत-माकत शिकवत बसत.

काय छळ असतो तो! कापड मधेच कमरेत आवळल्यासारखं बारीक व्हायचं. काठ आत ओढला जायचा. आज विणलेलं उद्या उसवायचं. एकदा तर तिनं रागानं दोरा भरलेला धोटा भिंतीवर फेकला आणि मग तासभर सुटलेला दोरा गुंडाळत बसली. पण कधीकधी हात असा काही बसायचा… दोरा गेला, आला, फणीनं दाबला, गेला, आला… की हुकलेलं मेडिकल, बाबांची चिडचिड, बघायला येणारी स्थळं, काही म्हणजे काही आठवायचं नाही. तेवढ्यासाठी बाकीचा छळ ती आनंदानं सोसायची.

"ही गाठ माझ्यानं न्हाई जमत," फरहान म्हणायचा.

"आण इकडं… म्हणजे, द्या." त्याच्या बोटातून दोरा घेताना तिची बोटं जरा जास्तच वेळ घ्यायची. "कालपर्यंत तर जमत होती."

"काल तुम्ही लांब बसला होता."

"मुद्दाम करून राहिलात!"

"हाव," तो म्हणायचा आणि इतका सरळ चेहरा करायचा की तिला रागावताच यायचं नाही.

शेडच्या कोपऱ्यात एक मोठा माग होता, खरा, मामांच्या आजोबांचा. त्यावर कायम पांढरी चादर. एकदा तिनं विचारलं, तेव्हा फरहानचं हसणं जागच्या जागी थांबलं.

"अम्मीचं विणकाम हाय ते. सतरंजी, हातभर विणायची राहिलेली. मी नांदेडला एम.एस्सी. करत होतो, माझ्या खोलीवर टाकायला विणत होती. हौस तिची. गावाकडून इथं भावाकडं, मामांकडं यायची, चार दिवस विणायची, परत जायची. शेवटची गेली… आणि मग गावच राहिलं न्हाई. आमचं घर दगडमातीचं होतं. त्यातली एक वाटीसुद्धा धड निघाली न्हाई. हे एवढंच उरलंय."

त्या दिवशी दोघांनीही काही विणलं नाही.

गणपती-दसरा झाला. मामांचा कापूस येऊन पडला आणि शेड कमी पडू लागली. "बेटा, आता तो माग उतरव रे," मामा एक दिवस म्हणाले. "मला बोलवत नाही, पण जागाच नाही."

फरहाननं मनस्विनीला गाठलं. पहिल्यांदाच त्यानं 'मॅडम' म्हटलं नाही.

"मनस्विनी, माझ्यानं ती चादर उचलवत न्हाई. मी आठवडाभर नांदेडला चाललोय, पेपर तपासायला. अन् ती सतरंजी अर्धवट कापून उतरवायची न्हाई मला. तू… तू पूर्ण करून देशील? तुझा हात अम्मीसारखा पडतो. मामा पण म्हणतात."

"मी? एवढी मोठी गोष्ट, फरहान…"

"दुसऱ्या कुणाला सांगणार?"

असं विचारणं म्हणजे काय, ते दोघांनाही कळत होतं. ती 'हो' म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं चादर काढली. लाल-काळ्या पट्ट्यांची सतरंजी, काय देखणी! फरहानच्या अम्मींचा, दिलशादबींचा हात पाहून तिला आपलीच लाज वाटली. पण शेवटची पट्टी… अरे देवा. ओळी वाकड्या, कुठं दगडासारख्या घट्ट, कुठं जाळीसारख्या सैल. दोरे सुटलेले. एक काठ पार आत गेलेला. बिचाऱ्यांना बरं नसेल, नजर अधू झाली असेल, तिनं मनाशी म्हटलं. त्यांनी स्वतः पाहिलं असतं तर असं ठेवलं असतं का? लेकाच्या हाती त्यांचं काम देऊ ते निर्दोष देऊ.

तिनं ती पट्टी उसवली. जुना दोरा तुटू नये म्हणून एकेक ओळ, श्वास रोखून. दोन दिवस लागले; मामा कापसाच्या गडबडीत, शेडकडं फिरकलेच नाहीत. मग तोच दोरा घेऊन तिनं ती पुन्हा विणली, सरळ, घट्ट, मोजूनमापून. पुढची सतरंजीही पूर्ण केली. इतकं सुंदर काम तिच्या हातून आयुष्यात झालं नव्हतं. बॅग खांद्यावर घेऊन फरहान थेट स्टँडवरून आला, तेव्हा ती नव्या नवरीसारखी लाजत बाजूला उभी राहिली.

त्यानं सतरंजीवरून हात फिरवला. सावकाश, वरून खाली. मग पुन्हा खालून वर.

"इथं एक पट्टी होती," तो म्हणाला.

"हो, चुकली होती. मी उसवून नीट केली."

तो मटकन खाली बसला.

"ती अलीझाची होती."

"कोण अलीझा?"

"माझी बहीण. सातवीत होती. अम्मीला मागावरून ढकलून स्वतः बसली होती. मला म्हणाली, भाईजान, एवढी पट्टी माझी, हिच्यावर पाय द्यायचा न्हाई." तो एकेक शब्द उचलून आणल्यासारखा बोलत होता. "गणपतीची मिरवणूक बघायची म्हणून तिनंच अम्मीला गावी नेलं. त्याच रात्री…"

आईबद्दल तो कितीदा बोलला होता. बहिणीबद्दल कधीच नाही.

"मला… मला माहीत नव्हतं."

"मी सांगितलंच न्हाई. नावच निघायचं न्हाई तोंडातून."

माफी मागायलाही तोंड नव्हतं. बहिणीचं म्हणून त्याच्यापाशी एवढंसं उरलं होतं, आणि तेही हिनं आपल्या हातानं पुसून टाकलं होतं. वर कौतुकाची वाट बघत उभी होती! तिला स्वतःची किळस आली.

"मी जाते," ती कशीबशी म्हणाली आणि वळली.

"कशी होती?"

ती दारात थांबली.

"ती पट्टी," फरहान म्हणाला. "अलीझा दाखवत होती अन् मी नांदेडच्या एसटीच्या घाईत होतो. छान हाय, छान हाय म्हणून निघालो. नंतर चादर उचलायची हिंमतच झाली न्हाई. मी ती नीट बघितलीच न्हाई गं कधी. तू बघितलीस ना?"

हो. तिनं बघितली होती. एकेक ओळ.

ती परत आली आणि त्याच्याशेजारी जमिनीवर बसली.

"पहिल्या ओळी लई घट्ट होत्या," ती सांगू लागली. "अगदी जीव खाऊन ठोकलेल्या. मग दमली असणार, सैल पडत गेल्या. लाल संपायच्या आधीच काळा घेतला होता तिनं…"

"धीर न्हाईच तिला."

"मधे दोन दोरे सुटले. पुढच्या ओळीत परत तेच दोन. आणि मग एक ओळ एकदम सरळ, फरहान. इतकी सुंदर. अम्मींनी हात धरून विणून घेतली असेल."

"छे! हात धरू देणारी होती का ती? तिचीच असणार." त्याच्या ओठांवर हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून वाहू लागले. "अजून?"

"शेवटी गाठ होती. मोठी, वेडीवाकडी. कितीतरी वेळ सुटेना मला. पक्की मारली होती पोरीनं."

फरहाननं गुडघ्यात डोकं घातलं आणि तो मोठ्यानं रडला. भूकंपानंतर पहिल्यांदा. दुकानातून धावत आलेले जलीलमामा दारातूनच मागं फिरले.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे," मनस्विनी म्हणाली. "आणि हे मीच केलंय."

त्यानं बाहीनं तोंड पुसलं.

"मला राग हाय तुझा," अखेर तो म्हणाला. "लई राग हाय. जाईल का, माहीत न्हाई."

"असू दे."

"तुझ्या घरी, माझ्या मामांकडं… आपलं काय होईल तेही माहीत न्हाई. पण तिला इतकं जवळून बघितलेलं आता तुझ्याशिवाय कुणी उरलं न्हाई." त्यानं तिचा हात धरला. "तू जाऊ नकोस. परत सांग. पहिल्या ओळीपासून."

मनस्विनीनं ओढणीनं डोळे पुसले आणि पहिल्या ओळीपासून सांगायला लागली.