इमर्जन्सी जनरेटरची अर्थिंग

पोरांनो, ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या साडूवर गुदरलेली आहे. तो गोदीत जहाजांची वायरिंग करायचा. मागच्या नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार. रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी तो विसरलेला डबा आणायला जहाजावर गेला. म्हणजे बायकोला तसं सांगून गेला.

खरं कारण निराळंच. त्याच्या बरोबरीच्या एकाला सगळे उस्ताद म्हणायचे. दोघं एकाच दिवशी कामाला लागलेले, पण फोरमन झाला उस्ताद. साहेब हात ठेवणार तो उस्तादच्याच खांद्यावर. घरी बायकोही म्हणायची, "बघा, उस्ताद भावजींचं काम कसं नेटकं असतं." ह्याच्या तळपायाची आग मस्तकात.

जहाजाची मुख्य वीज गेली तरी दिवे आणि पंप चालावेत म्हणून वर डेकवर वेगळा जनरेटर असतो. त्याची अर्थिंग उस्तादनं केली होती. आता समुद्रात जमीन कुठली? जहाजाचं लोखंड हीच जमीन. जनरेटरच्या पॅनेलच्या पत्र्यात वीज उतरली, तर ती त्या तारेनं लोखंडात जाते. तार सुटली, तर हात लावणाऱ्याचा जीव जातो. पण सकाळी तपासणी होती, आणि तार ढिली सापडली की उस्तादचं नाक कापलं जाईल, एवढंच ह्याच्या डोक्यात.

जनरेटरच्या खोलीला आतून कडी घातली. तारेच्या बोल्टला पाना लावला. बोल्ट फिरला.

मागून आवाज आला. "घट्ट कर."

उस्तादचाच.

"अरे... मी नुसतं बघत..."

"घट्ट कर. सकाळी इथं तू उभा असशील."

वळायची छाती होईना. बोल्ट आवळला. पुन्हा आवळला. मग वळला.

कोणी नाही. कडी तशीच...

खाली फाटकावर वॉचमन म्हणाला, "कळलं का? उस्ताद गेले. संध्याकाळी सातला, घरीच. छातीत कळ आली."

सकाळी उस्तादच्या जागी ह्यालाच उभं केलं. चाचणी सुरू झाली. ह्याचा हात पॅनेलच्या पत्र्यावर, आणि आत केबल फुटली. ठिणगी. जळका वास. धोक्याचा दिवा लागला. ह्याच्या हाताला मुंगीसुद्धा चावली नाही.

साहेब म्हणाले, "गेला, तरी काम बोलतंय त्याचं."

खोटं कशाला सांगू... साडूचा तेव्हाही जळफळाट झालाच.

घरी येऊन त्यानं हत्यारांची पिशवी उपडी केली. रबरी हातमोजे निघाले तीन. तिसरा डाव्या हाताचा, मनगटावर उस्तादचं नाव. त्यानं आत बोटं घातली...

घामानं ओला होता. आणि उबदार.