खिशावरचं नाव

भर दुपारी मी स्लॅबवर उभी राहून सोलरच्या पॅनलवर बादलीभर पाणी ओतणार, तेवढ्यात शिडीवरून एक डोकं वर आलं आणि ओरडलं, "ओ बाई! थांबा! तापली काच तडकंल ना!"

"बाई? मी लगन झालेली बाई दिसतो का तुमाले?"

"नाई... दिसत त नाई," तो म्हणाला आणि नको तितका वेळ बघत राहिला. मग भानावर येऊन म्हणाला, "पॅनल सकाळी धुवा लागते. ऊन चढाच्या आंधी."

उमरखेडजवळच्या आमच्या तांड्यात गेल्या वर्षी आमच्या घरावर दोन पॅनल बसले. यंदा मी पिठाची गिरणी घेतली, म्हणून आणखी चार हवे होते. ते बसवायला हा आला होता. नाव जीवन. वर चढण्याआधी त्याने याडीला, म्हणजे माझ्या आईला, आमच्या बंजाऱ्यांच्या गोर बोलीत रामराम घातला होता. आमच्याकडे पाहुण्याला पाण्याआधी गोत विचारतात. याला कोणी विचारलंच नाही, कारण कंपनीच्या शर्टाच्या खिशावर लाल दोऱ्याने लिहिलेलंच होतं — राठोड.

आम्हीही राठोड. एका गोतात लग्न होत नाही, म्हणजे हा भाऊच. आणि मला तर तो पहिल्या दुपारीच आवडला होता! नशीब असतं एकेकाचं. मी मनाला दटावलं आणि त्याला जीवनदादा म्हणायला लागले.

चार दिवस काम चाललं. तो ड्रिल मारायचा, मी वायर धरायचे.

"पॅनलचं तोंड दक्षिणेकडंच काहून?" मी एकदा विचारलं.

"जिकडून उजेड येते, तिकडंच तोंड ठेवा लागते," म्हणत त्याने सरळ माझ्याकडे पाहिलं.

"मंग सूर्य तिकडं हाय, जीवनदादा."

त्याचा चेहरा पडला. मी खाली जाऊन उगाच भांडी घासली. दोनदा.

चौथ्या दिवशी नवे पॅनल सुरू झाले, गिरणी घरघरली. त्याने अवजारं पिशवीत भरली.

"उद्यापासून मी वणीले. वर्षभर तिकडंच काम हाय."

"बरं," मी म्हणाले. बहिणीने दुसरं काय म्हणायचं?

काम पूर्ण झाल्याचा फॉर्म त्याने पुढे केला. मी सही केली. खाली त्याने केली — जीवन पूनमसिंग पवार.

मी ते तीनदा वाचलं. "पवार?"

"हो."

"मंग हे?" मी खिशाकडे बोट केलं.

"हा माह्या आंधीच्या राठोडचा शर्ट. तो काम सोडून गेला. माहा शर्ट शिवून यायचा हाय अजून."

"अन् हे आता सांगून राह्यले! चार दिवस मी तुमाले दादा म्हणून राह्यलो, जीव जाळून राह्यलो..."

"जीव काहून जाळला?"

टाळता आलं असतं. नाही टाळलं. "आवडता म्हणून."

तो मटकन पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर बसला. "मले वाटलं, दादा म्हणून तुमी मले दूर ठेवून राह्यल्या. म्हणून त वणीचं काम सायबाले मांगून घेतलं."

"मंग नाई म्हणा."

"साहेब शिव्या देईन."

"देऊ द्या."

त्याने फोन लावला. साहेबांचा आवाज मलाही ऐकू येत होता, आणि तो मात्र हसत हसत "हो साहेब, चुकलंच" म्हणत होता. फोन ठेवून तो तडक शिडी उतरला. याडी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. तो तिच्यासमोर जमिनीवरच बसला.

"याडी, म पवार छू."

याडीचे हात थांबले. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्यामागे उतरताना शिडीवरच अडकलेल्या माझ्याकडे. शेंगांची टोपली बाजूला सारून तिने पदर नीट केला आणि सोयरीक बघताना गोतानंतर जो प्रश्न विचारतात, तोच विचारला — घरी कोण कोण असतं?

मी शिडीवरच थांबले. उत्तर मलाही ऐकायचं होतं.