सहा कुंड्यांची साक्ष

"तुझे भावोजी सही करत नाहीयेत," ताई फोनवर म्हणाली.

दुपारचे तीन वाजले होते. लायसनबाई नुकत्याच तोंडावर पेपर घेऊन आडव्या झाल्या होत्या. त्या उठून बसल्या.

"कशावर सही?"

"चुकलो म्हणून. संग्रहालयातली ती क्रीम रंगाची गाडी जेवणाच्या सुट्टीत खांबावर आपटलीय. संचालक म्हणतात, यांनीच आपटली. पाचला मालकीणबाई येणार आहेत. तोवर सही केली तर मानाने निवृत्त करू म्हणतात, नाहीतर पोलीस. काहीही झालं तरी त्या गाडीला यांनी पुन्हा हात लावायचा नाही."

"भावोजी काय म्हणतात?"

"काही नाही. हाताची घडी घालून बसलेत. तू जा बाई तिकडे."

लायसनबाईंनी चपला घातल्या. खरं तर त्यांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. त्याआधी बत्तीस वर्षं त्या लायसनच्या परीक्षेला आलेल्यांच्या शेजारच्या सीटवर बसल्या आणि शेकडो लोकांना नापास करून घरी पाठवलं. परीक्षा देणाऱ्याचं तोंड त्या कधी बघत नसत. पाय बघत.

या शेकडोंतला एकच नापास त्यांच्या मानगुटीवर कायमचा बसला होता. तो म्हणजे त्यांचे सख्खे भावोजी. बाईंच्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी ते परीक्षेला आले, मित्राची साधी गाडी घेऊन. जुन्या गाड्या दुरुस्त करण्यात तेव्हाच त्यांची वीस वर्षं गेली होती, त्यामुळे ऐट काही विचारू नका. बाईंनी नेहमीप्रमाणे डॅशबोर्डवर थाप मारली आणि ओरडल्या, "थांबा!" भावोजींनी ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. कचेरीच्या फाटकातल्या सहा कुंड्या गेल्या.

त्यानंतर ते आजकालच्या एकाही गाडीच्या स्टीअरिंगला शिवले नाहीत. कामावर सायकलने जात. पण घरात कुठलंही जेवण असो, कोणीतरी विचारायचंच, "भावोजी, कुंड्यांना पाणी घातलं का?"

आज बसमध्ये बाईंना त्या विनोदाचं हसू येईना. चौतीस वर्षांपूर्वीची चूक माणूस एकाहत्तराव्या वर्षी पुन्हा करू शकतो. त्यांनी स्वतः असे कितीतरी म्हातारे पाहिले होते.

संग्रहालय एका जुन्या गोदामात होतं. वर काचेचं छप्पर, खाली गुळगुळीत फरशी, आणि तिच्यावर अठरा गाड्या दिमाखात उभ्या. सगळ्यांत मानाची ती क्रीम रंगाची. वय नव्वद. ती आली होती अकरा खोक्यांतून, गंजून. मिस्त्रींनी, म्हणजे भावोजींनी, नऊ वर्षं खपून ती उभी केली. ते तिला थोरली म्हणत. शेजारची निळी त्याच कारखान्याची, म्हणून ती धाकटी.

आता थोरली आपल्या जागेवरून तीस फूट पुढे जाऊन एका खांबाला भिडली होती. डावा दिवा फुटलेला, बंपर मुरगळलेला. भोवती दोरी बांधली होती. दोरीच्या बाहेर स्टुलावर मिस्त्री बसले होते.

"या परीक्षकसाहेब. आता इथेही नापास करा."

"भावोजी, खरं सांगा. गाडीत तुम्ही होतात?"

"नव्हतो."

"मग काय झालं?"

"रोजच्यासारखी बाराला सुरू केली. इंजिन गरम केलं, बंद केलं, किल्ली ऑफिसातल्या खुंटीला लावली. वर्कशॉपमध्ये जेवायला बसलो. दीडला दणका ऐकला. उष्ट्या हाताने धावलो. इंजिन चालू, आत कोणी नाही. हात घालून किल्ली बंद केली, तेवढ्यात संचालक आले आणि माझं मनगट धरलं. तेव्हापासून मला तिच्याजवळ जाऊ देत नाहीयेत."

"त्या कागदात काय लिहिलंय?"

"मी जे केलं नाही त्याचा कागद मी वाचू कशाला? वाचणार नाही, सही करणार नाही. बोलवू दे पोलिसांना. मी इथेच बसलोय."

बाईंनी कागद वाचला. 'वयोमानामुळे माझा पाय ब्रेकवरून घसरून उजवीकडील अ‍ॅक्सिलरेटरवर पडला व गाडी खांबावर आदळली. ही चूक मला मान्य आहे.' खाली सहीसाठी जागा. टाइप संचालकांनी स्वतःच केलं होतं.

संचालक ऑफिसच्या दारात उभे होते. तीन वर्षांपूर्वी आले होते. सूट झकास, केस झकास. एक हात छातीवर ठेवून बोलायची त्यांची काहीतरी तऱ्हाच होती.

"दीड वाजता तुम्ही कुठे होतात?" बाईंनी विचारलं.

"माझ्या खोलीत, फोनवर. पण तुम्ही विचारणार कोण? पोलीस आहात?"

"मेहुणी आहे. पोलीस परवडले."

रखवालदार खो खो हसला. संचालकांनीही हसायला तोंड उघडलं, पण हसले नाहीत.

"बसून बोलू या का?" बाई म्हणाल्या.

"नको, मी उभाच बरा. हे बघा, मला मिस्त्रींबद्दल आदर आहे. पण कुंड्यांची गोष्ट ते स्वतःच सगळ्यांना सांगतात. ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर! आज तीच चूक पुन्हा झाली. वय झालं की होतं असं."

हे बाईंच्या वर्मी लागलं.

मग त्यांनी रखवालदाराला गाठलं. "सुट्टीत आत कोण कोण होतं?"

"चार जणं. एकला मी फाटकाला कुलूप लावतो. मिस्त्री वर्कशॉपात, साहेब ऑफिसात, ही गाइड पोरगी तिकीट खिडकीत, आणि मी फाटकावर."

"तुम्हाला गाडी चालवता येते?"

"मला? सायकलची चेन पडली तरी मी पोरीला हाक मारतो."

"आणि तुला गं?"

"मी बसने येते," गाइड म्हणाली. "यांच्या स्टीअरिंगला हात लावते तो धूळ पुसायला. पुढच्या रविवारी जुन्या गाड्यांची फेरी आहे, तिथे थोरली साहेब चालवणार होते. मिस्त्री म्हणाले, तुम्ही मागच्या सीटवर बसा, शोभून दिसाल. तेव्हापासून दोघांचं वाकडं आहे."

"तू लोकांना या गाडीबद्दल रोज काय सांगतेस? मलाही सांग."

पोरीने श्वास घेतला आणि सुरू झाली. "मंडळी, ही आमची थोरली. हिच्या काळी प्रत्येक कारखान्याचा आपला वेगळा कायदा. गिअर दाराला चिकटून, हॉर्न गाडीच्या बाहेर, आणि पायाशी वाकून बघितलंत तर..."

"पुरे!" संचालक मागून कडाडले. "ही पोपटपंची ऐकायला इथे कोणाला वेळ नाही."

"तुम्ही ती पूर्ण ऐकलीत का कधी?" बाईंनी विचारलं.

"तीन वर्षांत एकदाही नाही," गाइडच म्हणाली, आणि चांगली मोठ्याने म्हणाली.

बाईंनी सरळ दोरी उचलली आणि आत शिरल्या. संचालक "अहो, अहो" करत राहिले.

आधी त्यांनी फरशी पाहिली. जागेपासून खांबापर्यंत तीस फूट लख्ख. टायर घासल्याची एक रेघ नाही. मग दार उघडून पायाशी टॉर्च मारला. तीन पेडलं. डावं सरळ, उजवं सरळ. मधलं छोटं आणि गोल, आणि त्याची जाड दांडी चमच्याच्या दांड्यासारखी वाकलेली. मग वयाचा आणि गुडघ्यांचा मुलाहिजा न ठेवता बाई गाडीखाली आडव्या झाल्या आणि ती दांडी कुठे जाते ते बघत राहिल्या.

बाहेर आल्या तेव्हा गालाला ऑइल लागलं होतं आणि त्या हसत होत्या.

"भावोजी, सही करू नका."

"करत कोण होतं?"

पाचला मालकीणबाई आल्या. या सगळ्या गाड्या त्यांच्या वडिलांच्या. हातात काठी, कपाळावर आठी.

"झाली का सही?"

"दहा मिनिटं द्या," लायसनबाई म्हणाल्या. "संचालकांनी पत्रात लिहिलंय, पाय कसा घसरला ते. मला नीट समजलं नाही. या धाकटीत बसून ते दाखवतील का? इंजिन बंदच ठेवू."

"हा काय पोरखेळ आहे?" संचालक म्हणाले.

"बसा," मालकीणबाई म्हणाल्या.

संचालक निळ्या गाडीत बसले, पण फार जपून, दाताखाली खडा आल्यासारखं तोंड करून. लायसनबाई शेजारच्या सीटवर बसल्या. बत्तीस वर्षांची सवय. नजर आपोआप खाली गेली.

"स्टीअरिंग धरा. समजा, गाडी चाललीय. काचेचं छप्पर छान आहे नाही? पाऊस पडला की आवाज..."

फाडकन त्यांची थाप डॅशबोर्डवर पडली. "थांबा!"

संचालकांचा उजवा पाय मधल्या पेडलवर गेला आणि तिथेच रुतून बसला.

"पाय कशावर आहे तुमचा?"

"ब्रेकवर. आणखी कशावर असणार?"

गाइडने तोंडावर हात ठेवला.

"पोरी, मघाशी तुझं वाक्य राहिलं होतं. पूर्ण कर."

"पायाशी वाकून बघितलंत तर," गाइड सावकाश म्हणाली, "अ‍ॅक्सिलरेटर मध्ये आहे, आणि ब्रेक उजवीकडे."

स्टुलावरचे मिस्त्री उठून उभे राहिले.

"संचालकसाहेब, पाय काढला तरी चालेल," लायसनबाई गाडीतून उतरत म्हणाल्या. "मालकीणबाई, आता ऐका. या पत्रात अ‍ॅक्सिलरेटर उजवीकडे आहे. थोरलीत, आणि या धाकटीतही, उजवीकडे ब्रेक आहे. ज्याला हे माहीत नाही त्यानेच हे पत्र लिहिलंय. फरशीवर टायर घासल्याची खूण नाही, म्हणजे ब्रेक लागलाच नाही. पण मधली दांडी वाकलीय. मी खाली जाऊन पाहिलं, ती इंजिनाकडे जाते. अ‍ॅक्सिलरेटर कोणी वाकेपर्यंत दाबतं का? माणूस जिवाच्या आकांताने दाबतो तो ब्रेक. म्हणजे गाडीत जो कोणी होता तो मधल्या पेडललाच ब्रेक समजत होता. गाडी थांबेना म्हणून आणखी जोरात दाबत होता, आणि ती आणखी जोरात पळत होती."

"अशी चूक मिस्त्रीही करू शकतात!" संचालक गाडीतूनच म्हणाले. "त्या कुंड्या..."

"कुंड्यांवरच येतेय. सहाच्या सहा कुंड्या भावोजींच्या बाजूने साक्ष देतायत. त्यांचे पाय लहानपणापासून असल्याच गाड्यांत तयार झाले. त्यांचा ब्रेक उजवीकडे. म्हणून आजच्या गाडीत मी थांबा म्हटल्यावर त्यांनी उजवं पेडल दाबलं, आणि तिथे निघाला अ‍ॅक्सिलरेटर. मी नापास केलं, बरोबरच केलं. त्यानंतर ते आजच्या गाडीत बसलेच नाहीत. मधलं पेडल म्हणजे ब्रेक हे त्यांच्या पायांना कोणी शिकवलंच नाही. रखवालदार आणि ही पोरगी कुठलीच गाडी चालवत नाहीत. क्लच सोडून थोरलीला तीस फूट नेणं त्यांना जमलं नसतं. आत चौघं होते. रोज आजकालची गाडी चालवणारा एकच उरतो."

"मी फोनवर होतो!"

"मग एक करा. खोकून दाखवा."

"काय?"

"खोका. एकदाच, जोरात. तीस फूट पळून खांबाला धडकलेल्या गाडीत माणसाच्या छातीवर स्टीअरिंग बसतं. या गाड्यांना पट्टा नाही. मी आल्यापासून या गाडीत बसवेपर्यंत तुम्ही बसला नाहीत, हसला नाहीत, छातीवरचा हात काढला नाहीत."

संचालकांनी हट्टाने श्वास घेतला, खोकले, आणि पोटाशी दुमडले. डोळ्यांत पाणी आलं.

"मिस्त्री, आता तुम्ही!" रखवालदाराला राहवलं नाही.

मिस्त्री असे काही खोकले की वरच्या काचा थरथरल्या.

"रविवारी मालकीणबाईंसमोर चालवायची होती," संचालक अखेर म्हणाले. "वाटलं, सुट्टीत दहा फूट नेऊन बघू. दणका बसल्यावर मी घाबरून बाजूच्या दाराने ऑफिसात गेलो. यांनी शिकवायला नकार दिला नसता तर..."

"नकार नव्हता दिला," मिस्त्री म्हणाले. "महिनाभर तिला पुसा, मग शिकवतो म्हटलं होतं." ते निळ्या गाडीच्या दाराशी आले. "आपटलीत हे मी सोडून दिलं असतं. नवशिके आहात. दिवा मी पुन्हा बसवीन. पण तो कागद टाइप करताना तुमचा हात कसा नाही थांबला? पन्नास वर्षं काम केलंय मी. माझ्या नावाने लिहिलंत, पाय घसरला!"



"किल्ल्या," मालकीणबाईंनी हात पुढे केला. "सगळ्या. आणि उद्यापासून येऊ नका." मग त्या मिस्त्रींकडे वळल्या. दुपारी फोनवर ऐकलेलं त्यांनीही खरंच मानलं होतं.

मिस्त्री त्यांच्यासाठी थांबले नाहीत. त्यांनी दोरी सोडून गुंडाळली. बॉनेट उघडलं, रेडिएटर शाबूत असल्याचं पाहिलं, ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढली आणि पुसायला काही मिळतंय का ते बघितलं. लायसनबाईंच्या हातात तो कागद होता. मिस्त्रींनी तो घेतला, पहिल्यांदाच वाचला, आणि त्याने पट्टी स्वच्छ पुसली. मग पक्कड घेऊन वाकलेली दांडी कामापुरती सरळ केली.

"तिला वर्कशॉपात नेतो," ते म्हणाले. "परीक्षकसाहेब, बसताय?"

बाई शेजारी बसल्या. थोरली गुरगुरली आणि मागे सरकू लागली. खांब दूर गेला. मागे वर्कशॉपचं दार, आणि दाराशी मालकीणबाईंच्या हौसेच्या कुंड्यांची रांग. मिस्त्री मान वळवून मागे बघत होते. कुंड्या जवळ येत होत्या. बाई मात्र खाली बघत होत्या.

फाडकन थाप पडली. "थांबा!"

उजवा पाय उजव्या पेडलवर गेला. थोरली जागच्या जागी थांबली. पहिल्या कुंडीपासून चार बोटांवर.

लायसनबाईंनी दार उघडून मागे वाकून खात्री करून घेतली. पानसुद्धा हललं नव्हतं.

"पास," त्या म्हणाल्या.

"चौतीस वर्षं लावलीत," मिस्त्री म्हणाले. "उतरा आता. मला काम आहे."